तिची दोन रौप्यपदकं

गेल्या अंकात जपानची ज्युदोपटू ऱ्योको तानी हिच्याबद्दल मी एकच परिच्छेद लिहिला होता. ४८ किलोखालच्या गटात पाच ऑलिंपिक, पाच पदकं, त्यातली पहिली दोन रौप्य, शेवटचं आई झाल्यावरचं, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेणं जमलं नाही. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण ते उत्तर मला बरीच वर्षं कुणाला तरी द्यायचं होतं.

ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, ४४ किलोखाली खेळते. सलग दोन वर्षं राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरली. या वर्षी घरी आल्याबरोबर तिनं ज्युदोचा ड्रेस माळ्यावर टाकला आणि "आता नाही" म्हणाली. तिचे बाबा म्हणतात, दहावी तोंडावर आलीय, झालं ते बरंच झालं. सर म्हणतात, वजन उतरवून ४० किलोत खेळवू, तिथे मुली सोप्या आहेत. तुम्ही लिहिलं होतंत की ऱ्योकोलाही पहिल्या दोन्ही वेळा रौप्यच मिळालं. ती त्यातून कशी उठली? तुमचं उत्तर मी तिला वाचून दाखवीन.
— एक आई, कराड

तुमचं पत्र वाचलं आणि माळ्यावरचा तो ड्रेस डोळ्यांसमोर आला. माझाही एकदा तसाच वर गेला होता. पण आधी ऱ्योकोचं सांगते.

ऱ्योको मूळची फुकुओकाची, जन्म १९७५चा, माहेरचं आडनाव तामुरा. मोठा भाऊ ज्युदोला जायचा, त्याच्या मागे मागे ही जाऊ लागली. तेव्हा ती दुसरीत होती. उंची पुढे वाढून वाढून १४६ सेंटिमीटर झाली. तुमच्या मुलीची उंची आजच तेवढी असेल, कदाचित जास्तच. १९९० साली, पंधराव्या वर्षी, तिनं फुकुओकाच्या आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धेत इंग्लंडच्या कॅरेन ब्रिग्जला हरवलं. ब्रिग्ज तेव्हा चार वेळा जगज्जेती झालेली होती. जपानभर या मुलीचं नाव झालं आणि एका लोकप्रिय चित्रकथेतल्या ज्युदो खेळणाऱ्या नायिकेच्या नावानं लोक तिला हाक मारू लागले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य.

मग १९९२चं बार्सिलोना. महिलांचा ज्युदो १९८८ला सेऊलमध्ये नुसता प्रदर्शनीय होता, पदकांसाठी तो पहिल्यांदा खेळला गेला बार्सिलोनात. ऱ्योको सोळा वर्षांची. अंतिम फेरीत समोर फ्रान्सची सेसिल नोवाक, आदल्या वर्षीची जगज्जेती. ऱ्योको हरली. सोळाव्या वर्षी ऑलिंपिकचं रौप्य म्हटल्यावर कुणीही कौतुकच करणार, जपाननंही केलं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. बार्सिलोनानंतर ती हरेचना. १९९३ला हॅमिल्टनमध्ये जगज्जेती, १९९५ला चिबामध्ये पुन्हा. सलग ८४ लढती जिंकल्या. आकडा नीट वाचून दाखवा मुलीला: चौऱ्याऐंशी. अटलांटाला १९९६मध्ये ती गेली तेव्हा सुवर्ण तिचंच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. अंतिम फेरीत समोर आली उत्तर कोरियाची के सुन-ही. वय सोळा, वाइल्ड कार्डवर आलेली, बाहेरच्या जगाला जवळजवळ अनोळखी. ऱ्योको गुणांवर हरली. त्याच अटलांटात ६१ किलोच्या गटात युको एमोतोनं जपानच्या महिला ज्युदोतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. ते पहिलं सुवर्ण ऱ्योको आणेल अशी देशाची अपेक्षा होती. आता विचार करा, तुमच्या मुलीला राज्य स्पर्धेतल्या रौप्यानं घरात तोंड वर करवत नाहीये. हिला सगळ्या देशासमोर उभं राहायचं होतं.

मी तेव्हा विद्यापीठाच्या संघात ४८ किलोखालीच खेळत होते. आमच्याकडे धड मॅट नव्हती. काथ्याच्या गाद्यांवर ताडपत्री ताणून बांधायचो आणि पायाचा अंगठा तिच्या दुमडीत अडकला की नख निघायचं. वर्तमानपत्रात त्या अंतिम लढतीच्या चार ओळी आल्या होत्या. ते कात्रण मी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. त्याच वर्षी मीही अंतिम फेरीत हरले होते, आदल्या वर्षी हरले होते त्याच मुलीकडून. मी ड्रेस धुतला, घडी घातली, ट्रंकेत ठेवला आणि तीन वर्षं बाहेर काढला नाही. घरच्यांनी अडवलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. त्या तीन वर्षांत मी काय काय शिकू शकले असते याचा हिशेब मी आजही करते. म्हणून तुमच्या मुलीला हे सांगते आहे.

ऱ्योकोनं त्या चार वर्षांत काय केलं? १९९७ला पॅरिसमध्ये जगज्जेतेपद, १९९९ला बर्मिंगहॅममध्ये आणखी एक. के सुन-ही वरच्या वजनगटात निघून गेली होती, त्यामुळे ऑलिंपिकमध्ये तिच्याकडून परतफेड घ्यायची संधी ऱ्योकोला कधी मिळालीच नाही. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. जिच्याकडून हरलो तिला हरवायचं, ही ईर्ष्या मुलांना बराच काळ पुरते. पण समोरची निघून गेली तर? मग सकाळी सहाला उठून दोनशे वेळा तोच डाव घोटायचा तो कुणासाठी? ऱ्योकोला ते उत्तर सापडलं असणार, एरवी चार वर्षं निघत नाहीत. तुमच्या मुलीला हरवणारी मुलगीही कदाचित पुढच्या वर्षी ४८ किलोत जाईल. तिला आजच विचारा, समोर ती नसेल तरी तुला मॅटवर उतरायला आवडेल का? "हो" म्हणाली तर ड्रेस खाली काढा. "नाही" म्हणाली तर राहू द्या, तेही उत्तर खरंच असतं, त्यावर रागावू नका.

२०००च्या सिडनीआधी ऱ्योको म्हणाली होती, "जास्तीत जास्त सुवर्ण, आणि कमीत कमी म्हणजेही सुवर्णच." दोनदा रौप्य घेऊन आलेल्या बाईनं असं चारचौघांत बोलायचं म्हणजे परतीची वाट स्वतःच बंद करून घेणं. अंतिम फेरीत समोर रशियाची ल्युबोव ब्रुलेतोवा. चाळीस सेकंदही झाले नसतील, ऱ्योकोनं उचिमाता मारला, म्हणजे समोरचीच्या दोन पायांमध्ये आपला पाय घालून तिला वर उचलून फेकलं. इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण. बार्सिलोनापासून आठ वर्षं लागली आणि लढत मिनिटभरही चालली नाही.

आता वजनाचं. सरांचा मान ठेवून सांगते, ४० किलोत उतरवू नका. मुलगी वाढत्या वयाची आहे, पाळीचं, हाडांचं वय आहे. मी एका स्पर्धेच्या आदल्या रात्री रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या, दुपारपासून पाणी बंद. सकाळी वजन बसलं, पण पहिल्याच लढतीत पोटऱ्यांत गोळे आले आणि पकड सुटली. ऱ्योको पाचही ऑलिंपिक ४८ किलोतच खेळली, कारण तिचं शरीरच तेवढं होतं. तुमच्या मुलीचं शरीर उद्या ४८ मागत असेल तर ४८ द्या. आणि बाबांना सांगा, दहावीच्या वर्षी आठवड्यातून तीन संध्याकाळी मॅटवर गेल्यानं कुणाचा अभ्यास बुडत नाही. माझ्याकडच्या मुली उलट त्या दिवशी लवकर झोपतात आणि पहाटे उठून पुस्तक उघडतात.

नमस्कार. वय ७१, तरुणपणी लाल मातीत होतो, आता नातवंडांना डाव दाखवतो. नातवानं मोबाइलवर त्या जपानी बाईची लढत दाखवली. तिनं घातला तो तर आमचा धोबीपछाड! मग ज्युदोत नवीन काय आहे? आणि एवढीशी बाई थोराड बायकांना खांद्यावरून कशी घेते?
— एक जुने पैलवान, कोल्हापूर

वस्ताद, तुमची नजर बरोबर आहे. तिचा हुकमी डाव सेओइ-नागे, आणि तो धोबीपछाडाचा सख्खा भाऊ आहे. पाठ वळवायची, समोरच्याला पाठीवर घ्यायचं आणि खांद्यावरून पुढे टाकायचं. फरक पकडीत. तुम्ही उघड्या अंगाचा हात धरता, घामानं तो निसटतो. ज्युदोत अंगात जाड कापडाचा ड्रेस असतो, एका हातात बाही आणि दुसऱ्यात गळपट्टी. त्यामुळे अर्धी लढत पकडीचीच. मला हवी ती पकड मिळवायची आणि तुम्हाला हवी ती मिळू द्यायची नाही. नातवाला सांगा, ऱ्योकोची लढत पुन्हा लावून फक्त हातांकडे बघ, डावाकडे नको.

दुसरा फरक निकालाचा. तुमच्याकडे दोन्ही खांदे टेकले की चीतपट. इप्पोनसाठी माणूस जोरानं, वेगानं आणि ताब्यात राहून पाठीवर पडावा लागतो, मग खांदे दाबून धरायची गरज नाही. दाबूनही जिंकता येतं, पण आताच्या नियमानं वीस सेकंद धरून ठेवावं लागतं.

आणि एवढीशी बाई कशी घेते? वस्ताद, ती एवढीशी आहे म्हणूनच घेते. या डावात आपली कंबर समोरच्याच्या कंबरेखाली जावी लागते. उंच माणसाला त्यासाठी गुडघे खोल वाकवावे लागतात आणि त्यात क्षण जातो. ऱ्योको मुळातच खाली होती. पण नुसतं बुटकं असून भागत नाही. आधी समोरच्याचा तोल मोडायचा, त्याला पायाच्या बोटांवर आणायचं. जपानीत याला कुझुशी म्हणतात. तोल गेल्यावर आत शिरायचं, ते त्सुकुरी, आणि टाकायचं ते काके. नवी मुलं थेट टाकायला जातात आणि पाठीवर ओझं घेऊन तिथेच अडकतात. ऱ्योको पायांवर हल्ला करून, खेचून, ढकलून समोरचीला हलतं ठेवायची. समोरचीनं स्वतःच पुढे पाऊल टाकलं की ही आत. तुमच्या तालमीत "त्याच्या जोरावर त्याला घे" असं म्हणतच असतील.

माझी एक इच्छा आहे. तुमच्यासारख्यांनी आठवड्यातून एकदा ज्युदोच्या मुलांना मातीत बोलवावं. आमच्या मुलांची मान कच्ची असते आणि ती मातीतच पक्की होते, असा माझा अनुभव आहे.

ताई, मी ५७ किलोखाली राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली आहे. मुलगी आठ महिन्यांची आहे. परत सुरू करायचं म्हटलं की सासरीच काय, माहेरीही सगळे गप्प होतात. ऱ्योको आई झाल्यावर खेळली असं तुम्ही लिहिलं होतंत. ते जमलं का तिला? खरं सांगा.
— एक खेळाडू, ठाणे

खरंच सांगते. तुला नुसता धीर देऊन पाठवणार नाही.

तिनं २००३च्या डिसेंबरमध्ये योशितोमो तानी या बेसबॉलपटूशी लग्न केलं. मग २००४च्या अथेन्सला जाताना म्हणाली, "तामुरा म्हणून सुवर्ण, तानी म्हणूनही सुवर्ण." स्पर्धेच्या महिनाभर आधी सरावात पायाला दुखापत झाली, तरी अंतिम फेरीत फ्रान्सच्या फ्रेदेरिक जोसिनेला हरवून बोलल्याप्रमाणे सुवर्ण घेऊन आली. माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्हींच्या पुढे एकेक सुवर्ण. हे वाक्य मराठी बाईला जसं पोचेल तसं फार थोड्यांना पोचेल, असं मला वाटतं.

मुलगा झाला २००५च्या डिसेंबरअखेर. त्याआधी १९९३ ते २००३ सलग सहा वेळा ती जगज्जेती होती, २००५ची जागतिक स्पर्धा तिनं सोडली. २००७च्या एप्रिलमध्ये, म्हणजे बाळ सव्वा वर्षाचं असताना, जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. अंतिम फेरीत एमी यामागिशीकडून हरली. तरी निवड समितीनं जागतिक स्पर्धेसाठी तिलाच निवडलं. सप्टेंबरमध्ये रिओत तिनं सातवं जगज्जेतेपद जिंकलं. २००८च्या एप्रिलमध्ये पुन्हा त्याच यामागिशीकडून अंतिम फेरीत हरली आणि बीजिंगसाठी पुन्हा तिचीच निवड झाली. समितीनं आंतरराष्ट्रीय कामगिरी पाहिली. जपानमध्ये यावर खूप वाद झाला.

ऱ्योको मला किती प्रिय आहे ते या पानाच्या वाचकांना माहीत आहे. तरीही २००८ची निवड मला आजवर पटलेली नाही. दोन वर्षं लागोपाठ अंतिम फेरीत जिंकून घरी बसलेली ती यामागिशी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू परत येशील तेव्हा तुझं जुनं नाव कामी येईल, पण ज्या मुलीनं तुला हरवलं असेल तिची जागा त्या नावावर घेऊ नकोस.

बीजिंगला जाताना ऱ्योकोचं वाक्य होतं, "आई होऊनही सुवर्ण." ते झालं नाही. उपांत्य फेरीत रोमानियाच्या अलिना दुमित्रूविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत पंचांनी तिला शिदो दिला, म्हणजे पुरेसा हल्ला करत नाही म्हणून दंड. तेवढ्यावर ती हरली. पुढे सुवर्ण दुमित्रूनंच घेतलं. कांस्याच्या लढतीत मात्र ऱ्योकोनं रशियाच्या ल्युडमिला बोगदानोवाला इप्पोननं फेकलं. उपांत्य फेरी हरल्यानंतर त्याच दिवशी पुन्हा मॅटवर उभं राहायचं आणि पहिल्या डावापासून मारायचं, हे मला सिडनीच्या सुवर्णाहून अवघड वाटतं. बत्तीस वर्षांची होती ती.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जमलं, पण पूर्वीसारखं नाही. बाळंतपणाआधी जिंकायची तशा सगळ्या लढती नंतर जिंकल्या नाहीत. शरीर बदलतं. तू डॉक्टरांना विचारून आधी ओटीपोटाचे आणि पाठीचे व्यायाम सुरू कर. पडायचा सराव, म्हणजे उकेमी, अगदी हळू, गुडघ्यावर बसून. पूर्ण ताकदीची रांदोरी, खरी झटापट, इतक्यात नको. आणि घरच्यांना एकदा सरावाला घेऊन ये. लोक गप्प होतात तेव्हा बऱ्याचदा ते घाबरलेले असतात. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पडताना पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या दिवशी त्या बाळाला मांडीवर घेऊन मॅटच्या कडेला बसल्या आणि मला म्हणाल्या, "ती मघाची उंच मुलगी, तिची बाही धर आधी."

ऱ्योकोनं २०१०मध्ये जपानच्या संसदेची, वरिष्ठ सभागृहाची, निवडणूक जिंकली आणि त्याच वर्षी खेळातून निवृत्ती घेतली. त्या भागाबद्दल मला विशेष काही म्हणायचं नाही.

ताई, मी आठवीत आहे. भारताला ज्युदोत ऑलिंपिक पदक मिळालं आहे का? आणि मला आत्ता सुरू केलं तर चालेल का?
— एक विद्यार्थी, नांदेड

२०२४च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये नाही. पण पॅरिसच्याच पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारनं ६० किलोच्या गटात कांस्य जिंकलं, भारताचं ज्युदोतलं पहिलं पॅरालिंपिक पदक. तो मध्य प्रदेशातल्या सीहोरजवळचा. लहानपणी शेतात पाण्याच्या पंपाजवळ विजेचा झटका बसला आणि दृष्टी जात गेली. अंध खेळाडूंच्या ज्युदोत लढत सुरू होतानाच दोघांची पकड घेतलेली असते. एकदा डोळे बंद करून मित्राची बाही आणि गळपट्टी धरून उभा राहा, त्याचा पाय कुठे आहे ते हातातून कळतं का बघ.

राष्ट्रकुल स्पर्धेत आपली पदकं आहेत. २०२२ला बर्मिंगहॅममध्ये सुशीला देवी आणि तुलिका मान यांना रौप्य, विजयकुमार यादवला कांस्य. सुशीला मणिपूरची, ऱ्योकोच्याच ४८ किलोच्या गटातली. २०१४च्या ग्लासगोतही तिला रौप्यच होतं. टोकियो ऑलिंपिकला भारताकडून ज्युदोत ती एकटी गेली होती.

आठवी म्हणजे उशीर नाही. फक्त पहिले दोन महिने तुला कुणी डाव शिकवणार नाही, नुसतं पडायला शिकवतील. मागे, बाजूला, पुढे, पुन्हा मागे. कंटाळू नकोस. पडताना हातानं मॅटवर थाप मार, श्वास सोड आणि हनुवटी छातीला लावून ठेव, म्हणजे डोकं आपटत नाही.